पांढऱ्या साडीतली नीळ

माझ्या आईला एकच डोळा आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस चेहरा पाडतो, म्हणून मी लगेच पुढचं सांगून टाकते, की त्या एका डोळ्यानं तिनं आम्हा दोघा भावंडांचं जेवढं पाहिलं तेवढं दोन डोळेवाल्यांना जमत नाही.

दुसरा डोळा गेला तो मागावर. कामठीत आमच्या घरी यंत्रमाग होता. बाबा होते तोवर ते विणायचे आणि आई त्यांना धाग्याच्या कांड्या भरून द्यायची. उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो, लाकडी, लहानशा होडीसारखा, टोकाला लोखंड लावलेला. एक दिवस तो धोटा मागातून उडाला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. मी तेव्हा जन्मले नव्हते. त्यामुळे माझी आई मला पहिल्यापासून एका डोळ्याचीच माहीत आहे. समोरच्याकडे बघताना ती मान किंचित डावीकडे वळवते, उजवा डोळा पुढे आणते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच बघतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, आता नागपुरात जरीपटक्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. हे मी मिरवते. कोणी म्हणालं की फार मिरवते, तर म्हणते, हो. ज्या घरात दिवसभर मागाचा खडखडाट चालायचा आणि एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं, त्या घरात बसून मी प्रकाशाचे नियम पाठ केले. भिंग म्हणजे काय, किरण कुठे वाकतो, प्रतिमा कुठे पडते, हे मी वर्गात फळ्यावर काढते तेव्हा आजही छाती भरून येते.

आईचं मिरवणं वेगळं होतं. तिचं पांढरं.

आम्ही बौद्ध. पौर्णिमेला विहारात वंदनेला जायचं तर पांढरी साडी नेसून. वस्तीतल्या सगळ्याच बायका पांढऱ्या नेसतात, पण आईची साडी त्यांत उठून दिसायची. धुऊन, खळबळून, बादलीभर पाण्यात अंदाजानं नीळ टाकून, त्यात बुडवून ती उन्हात अशी टाकायची की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. बायका विचारायच्या, "काय टाकतं वं बाई?" ती म्हणायची, "नीळच टाकतो. पण हात पाहिजे." हे म्हणताना तिची मान जरा जास्तच डावीकडे वळायची.

मग ती साडी निळी व्हायला लागली.

एकदम नाही. आधी वाटलं, या वेळी हात चुकला. पुढच्या वेळी अजून थोडी. आम्ही हसण्यावारी नेलं. शेजारची काकू, जी आईच्या बरोबरीची आणि तोंडाची फाटकी, विहाराच्या दारात म्हणाली, "काय वं, आज आभाळ गुंडाळून आली काय?" आईनं तिला चप्पल काढता काढता सुनावलं, "तुझी पिवळी पडली तं माझी निळी दिसन नाई तं काय?" घरी येऊन मला फोनवर म्हणाली, "जळतेत साऱ्या." दादाचे पांढरे शर्टसुद्धा निळे होऊ लागले. तो कामठी ते नागपूर शेअर ऑटो चालवतो. निळ्या शर्टाचं त्याला काही नव्हतं. "निळा तं आपलाच रंग हाय मा, चालते," तो म्हणायचा. आई म्हणायची, "झेंडा निळा, नेसनं पांढरं. अन् शर्ट पांढराच हाय तुहा, डोये फुटले काय?"

डोळे कोणाचे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

बाकीच्या गोष्टी मात्र ध्यानात येत होत्या. तांदूळ निवडताना खडे राहायला लागले. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या पोरींना हाक मारायची आणि वर म्हणायची, "आजकालच्या सुयाच खराब." घरात अंधार आहे म्हणून तिनं दादाकडून मोठा बल्ब लावून घेतला, तर त्या उजेडात तिला आणखीच कमी दिसायला लागलं. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती उजेडाचा पिसारा फुटतो म्हणायची, आणि रस्त्यातच उभी राहायची. एकदा उंबऱ्याला ठेचकाळून पडता पडता दादाच्या गळ्यात पडली.

काकूनंच निदान केलं. "मोती आला वं तुले. मोतीबिंदू. पण घाई नको करू. पिकू दे चांगला. कच्चा काढला तं डोया जाते. अन् काढाचा तं थंडीत."

हे 'पिकू दे' आमच्याकडे इतकं पक्कं बसलेलं आहे की डॉक्टरांनी सांगितल्यासारखं लोक सांगतात. आणि गंमत अशी, की एके काळी डॉक्टरच तसं सांगायचे. काकूच्या सासूला कोणीतरी खरंच सांगितलं होतं. डॉक्टरांची पद्धत बदलली, पण आमच्या ओसरीत सासूचाच सल्ला चालू राहिला.

मी म्हटलं, लगेच दाखवू. दादा आडवा आला. त्याच्या ऑटोत रोज कामठीहून, कन्हानहून पेशंट बसतात, दवाखान्यात जाणारे आणि दवाखान्यातून येणारे. त्यांच्या साऱ्या कहाण्या त्याच्या डोक्यात. "एका मानसाचा डोयाच गेला ऑपरेशननं. माझ्या मागच्या सीटवर बसून सांगून राहिला होता."

"अन् ज्यांचे चांगले झाले, ते सांगत नाईत काय?"

"ते झोपून राहतेत ऑटोत. सांगते तो, ज्याचं बिघडलं." मग तो जरा थांबून म्हणाला, "तू शिकली हायस, मले मान्य हाय. पन तिले दोन डोये असते तं मी काई बोललो नसतो. एकच हाय. उद्या काई झालं तं तिनं काहानं पाहावं?"

आई खाटेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "दोन असते तं एक दिला असता. हा नाई देत मी." आणि विषय संपला. दिसतं तेवढं दिसतं, तेवढ्यात तिला मरेपर्यंत भागवायचं होतं. पण तेवढंही महिन्यागणिक कमी होत होतं, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

शेवटी चष्म्याचा नंबर काढायचा असं सांगून मी तिला नागपुरात धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. दादानंच सोडलं, आणि तो बाहेर ऑटोतच बसून राहिला. डोळ्यांच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आईच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध घातलं, यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ बघितलं. मग मला बोलावून म्हणाल्या, "तुम्हीही बघा."

मी बघितलं. बाहुली काळी असते असं आपण म्हणतो. ती काळी नव्हती. आत, त्या गोल खिडकीमागे, काहीतरी उभं होतं, तपकिरी पिवळं, जुन्या मधासारखं. मी आजवर हजार वेळा फळ्यावर डोळा काढला असेल. खडूनं भिंग काढते, त्याच्या दोन्ही बाजूंना किरण काढते. ते भिंग मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या आईचं होतं.

डॉक्टर बाईंनी आईला समजेल असं सांगितलं. "मावशी, मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर चढलेला पापुद्रा नाही. डोळ्याच्या आत एक भिंग असतं, सगळ्यांनाच जन्मापासून. काचेसारखं स्वच्छ. त्यात रक्ताची शीर नाही, काही नाही. वय झालं की ते गढूळ होतं, पिवळं पडतं. तेच काढायचं आणि त्या जागी दुसरं, माणसानं केलेलं बसवायचं."

"पिकलं नाई अजून," आई म्हणाली.

"पिकायची वाट आता कोणी बघत नाही. पूर्वी भिंग अख्खं काढायचे, मोठा छेद द्यावा लागायचा, टाके पडायचे, म्हणून थांबायचे. आता बारीक छेदातून आतल्या आत फोडून ओढून घेतात. तुम्ही जितकं थांबाल तितकं ते दगडासारखं होईल, आणि फोडताना मला तितकाच त्रास, तुमच्या डोळ्याला धोका."

"माहा एकच डोया हाय, बाई."

"म्हणूनच सांगते." मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "बहुतेकांचं नीट होतं. शंभरातल्या शंभरांचं होतं असं मी म्हणणार नाही. पण न केलं तर काय होईल ते मला नक्की माहीत आहे. हा डोळा बंद होईल."

आई उठली. मी निघता निघता विचारलं, "हिला आत्ता नेमकं कसं दिसत असेल?"

"पिवळ्या काचेतून बघावं तसं. धूसर तर आहेच, पण निळा रंग त्या पिवळ्या भिंगात अडकतो, आत पोचतच नाही. माणसाला कळतही नाही, हळूहळू होतं ना."

मी दारातच उभी राहिले. निळा रंग अडकतो. मला दोरीवरच्या साड्या दिसल्या, एकीपेक्षा दुसरी निळी. तिचा हात चुकत नव्हता. तिला पांढरं पिवळं दिसत होतं, आणि ती बिचारी त्यात नीळ टाकत होती, पांढरं दिसेपर्यंत. भिंग पिवळं होत गेलं तशी नीळ वाढत गेली. डोळ्याच्या आत काय चाललंय ते डॉक्टरला दिसायच्या किती आधी आमच्या अंगणात वाळत पडलं होतं! असं काही मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी शाळेतून पिवळा जिलेटिनचा कागद घेऊन कामठीला गेले. स्नेहसंमेलनात दिव्यांवर लावतो तो. आईची विहारातली साडी खुर्चीवर टाकली, शेजारी दुकानातून आणलेला नवा कोरा पांढरा टॉवेल ठेवला, आणि दादाच्या डोळ्यांपुढे कागद धरला.

"पाह्य."

तो बघत राहिला. टॉवेल पिवळा पडला होता. आणि साडी, जी उघड्या डोळ्यांना फिक्कट आभाळासारखी निळी होती, ती पांढरी झाली होती. त्यानं कागद बाजूला केला, पुन्हा धरला, पुन्हा बाजूला केला. मग खाली बसला.

"म्हंजे हिले असं दिसते?"

"असं, अन् याच्यावर धुकं."

आई चिडली. "काय लावलं तुमी दोघांनी? साडी पांढरी हाय माझी."

"निळी हाय मा," दादा हळूच म्हणाला.

तिचा विश्वास बसेना. पोरं ऑपरेशनसाठी नाटक करतात असं तिला वाटलं. तिनं ओसरीतून हाक मारून काकूला बोलावलं. काकू कधी गोड बोलत नाही, म्हणून तिच्यावरच भरवसा. "इकडं ये वं. खरं सांग. हे कोन्या रंगाचं हाय?"

काकूनं साडीकडे बघितलं, मग आईकडे. "निळी हाय ना बाई. कवापासून सांगून राहिले तुले. तू तं मलेच बोलते."

"कितीक निळी?"

काकूची जीभ पहिल्यांदाच जरा अडखळली. "दुरून वळखू येते, येवढी."

आई साडी हातात घेऊन बसली. बोटांनी काठ चाचपत होती, जसं काही रंग बोटांना कळेल. म्हणाली, "म्हंजे इतक्या पौर्णिमा मी विहारात निळी जाऊन बसली? अन् साऱ्या पाहत होत्या?"

दादानं तो पिवळा कागद खुर्चीखाली सरकवला.

"खडे राहिले भातात, मी म्हटलं राहू दे. सुई गेली, म्हटलं जाऊ दे. पन पांढरं..." तिनं साडीची घडी घातली, अगदी कडेला कड जुळवून. "विचार त्या डॉक्टर बाईले, ऑपरेशनले कवा याचं."

काकू लगेच म्हणाली, "अवं पन थंडी तं येऊ दे!"

"तू गप," आई म्हणाली.

रक्तातली साखर तपासली, रक्तदाब तपासला, डोळ्याची लांबी मापली, कारण नवं भिंग प्रत्येकाच्या डोळ्याच्या मापाचं असतं. ऑपरेशनच्या सकाळी दादा दवाखान्याच्या बाहेर थांबला नाही, आत आला. डोक्यावर हिरवी टोपी घालून आईला नेताना तिनं दोघांकडे बघितलं. मान डावीकडे, डोळा पुढे. नीट, सावकाश बघितलं, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. ती का बघत होती ते आम्हाला दोघांनाही समजलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाहेर एका पडद्यावर आतलं दिसत होतं. दादा म्हणाला, "मी नाई पाहत." मी पाहिलं.

पडदाभर एक डोळा होता. बाहुली रुंद उघडलेली, आतून नारिंगी उजेड येत होता. काठाशी एक बारीक छेद. त्यातून सुईसारखी नळी आत गेली आणि ते मधाच्या रंगाचं भिंग तुटायला लागलं, खडीसाखरेचा खडा फुटावा तसं. तुकडे नळीत खेचले जात होते. एक तुकडा अडला, हलेना. डॉक्टर बाईंचा हात थांबला, किंचित वळला, पुन्हा गेला. तुकडा फुटला. शेवटी काहीच उरलं नाही, नुसती स्वच्छ नारिंगी खिडकी. आईनं आजवर जे काही पाहिलं, बाबांचा चेहरा, मागावरचा धागा, माझी मार्कशीट, ते सगळं ज्यातून आत गेलं ते भिंग आता नव्हतं.

मग नवं आलं. ते गुंडाळून, घडी घालून आत सोडलं. आत गेल्यावर ते आपणहून उघडायला लागलं. हळू, धुतलेल्या कपड्याची घडी पाण्यात सुटते तसं. आपल्या जागी बसलं. आणि मग दिसेनासं झालं, इतकं ते स्वच्छ होतं.

"दादा," मी म्हटलं, "झालं." तो वळला तेव्हा पडद्यावर बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, एकच डोळा आहे म्हणून रात्रभर बांधून ठेवत नाही, संध्याकाळी पट्टी उघडू. ती दुपार आई पूर्ण अंधारात होती. कॉटवर बसून, एका हातात माझा हात, दुसऱ्यात दादाचा. दादा कधी नव्हे ते बडबड करत होता, सिग्नलवर कोणी काय म्हटलं, कुठं खोदून ठेवलं. आई मध्येच म्हणाली, "मले आत, ऑपरेशन चालू होतं तवा, दिसून राहिलं होतं."

"काय?"

"पानी. कन्हान नदीच्या पान्यावर ऊन पडते ना, तसं. पहिले पांढरं पांढरं. मंग गुलाबी. मंग निळं. असं हलत होतं. मी म्हटलं, डोया गेला वाट्टे, अन् मराच्या टाइमले असंच दिसत असन. पन लय चांगलं होतं वं. भेवच नाई वाटला." थोडं थांबून म्हणाली, "निळं होतं. लय दिवसानं पाहिलं."

संध्याकाळी डॉक्टर बाईंनी पट्टी सोडली. औषध पुसलं. आईनं डोळा मिटलेलाच ठेवला. "उघडा मावशी." तिनं नाही उघडला. दादाच्या हातावर तिची बोटं रुतलेली मला दिसत होती.

"मा," दादा म्हणाला, "उघड ना वं. मले आता नाई सहन होत."

तिनं उघडला. पाणी आलं, तिनं पापण्या हलवल्या. कोणाकडेच बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. कपाळाला आठ्या पडल्या.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"भिताडाले नीळ कोनं लावली?"

भिंत पांढरी होती. साधी, चुन्यासारखी पांढरी. डॉक्टर बाई हसल्या, म्हणाल्या, काही दिवस सगळं निळसर वाटेल, मेंदूला सवय व्हावी लागते. मी काही ऐकत नव्हते. दादा रडत होता आणि आई त्याच्याकडे वळून म्हणत होती, "अन् तुहे केस कवा पिकले गा?"

डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, चोळायचं नाही, थेंब वेळेवर, असं सगळं सांगून आम्हाला घरी सोडलं. कामठीला गेल्यावर तिनं सगळ्यात आधी कपड्यांची पेटी उघडायला लावली. साड्या एकेक करून खाटेवर मांडायला लावल्या. सगळ्यात निळी वर होती, खाली खाली फिक्कट होत जाणारी. काळा चष्मा लावून ती त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं रडेल. ती हसायला लागली. पोट धरून, डॉक्टरनी काय सांगितलं ते विसरून. "हे नेसून बसत होती मी! पहिल्या रांगेत!"

धुवायची तिला मनाई. म्हणून त्या रविवारी दादा अंगणात बादल्या मांडून बसला, आणि आई खुर्चीवर. "खळबळ. अजून. ते पानी फेक. अजून निळं हाय."

काकू कुंपणापाशी येऊन उभी राहिली. "ऑटोवाल्याले धोबी केलं काय वं?"

"तुह्या साड्या बी आन," आई म्हणाली. "पिवळ्या हायेत. आता मले दिसते."

काकू साड्या आणायला गेली नाही. पण पुढच्या पौर्णिमेला विहारात तिची साडी बरीच बरी होती.

त्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी कामठीलाच होते. आईला आता कपडे धुवायची परवानगी मिळाली होती. तिनं साडी खळबळली, स्वच्छ पाण्याची बादली घेतली, निळीची बाटली उचलली. तिनं बादलीवर हात धरला, थेंब पडला, पाण्यात धुरासारखा पसरला. तिनं मान डावीकडे वळवली, पाणी बघितलं. अर्धी बादली मोरीत ओतली, नुसतं पाणी घातलं, पुन्हा बघितलं. मग साडी बुडवली.

दोरीवर टाकल्यावर मला डोळे बारीक करावे लागले. आईनं केले नाहीत. तिनं काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि उघड्या डोळ्यानं, उन्हात, त्या पांढऱ्याकडे बघत उभी राहिली. मी आत ये म्हटलं, तरी ती आली नाही.